पर्याय जुने, अडचण हातांची: व्यापारी शीतकरणाचा आढावा

रस्त्याकडेच्या टपरीत काचेच्या दाराचा फ्रिज असतो, डेअरीत श्रीखंड-पनीरचा डीप फ्रीझर, औषधांच्या दुकानात इन्सुलिनसाठी छोटा फ्रिज. वाशीच्या बाजार समितीच्या आसपास शीतगृहं आहेत, सांगली-तासगावकडे बेदाण्याची कोल्ड स्टोरेज आहेत आणि ससून डॉकपासून मिरकरवाड्यापर्यंत कुठल्याही मासळी बंदराचं बर्फाच्या कारखान्यावाचून चालत नाही. या सगळ्याला मिळून व्यापारी शीतकरण म्हणतात. घरातल्या फ्रिजवर आणि एसीवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं जातं, दुकानातल्या आणि गोदामातल्या थंडीवर मात्र फारच कमी. इथली यंत्रं चोवीस तास चालतात, त्यांत गॅस जास्त असतो आणि तो गळतोही जास्त.

पर्यावरणाला कमीत कमी इजा करणारं शीतकरण कोणतं, या प्रश्नाचा धांडोळा घेताना एक गोष्ट वारंवार समोर येते. पर्यायांचा तुटवडा नाही. त्यातले बहुतेक शंभर-दीडशे वर्षं जुने आहेत. गाडं अडतं ते यंत्र विकत घेणाऱ्या, बसवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या हातांपाशी. चर्चा मात्र नव्या शोधांची होते आणि हातांचा विषय परिशिष्टात जातो.

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण आजचा पेच त्यातूनच आला आहे. इथर उकळवून थंडी निर्माण करणाऱ्या यंत्राचं पेटंट जेकब पर्किन्सनं १८३४ मध्ये घेतलं. पुढे ऑस्ट्रेलियात जेम्स हॅरिसननं त्याच तत्त्वावर बर्फ पाडला, तर जर्मनीत कार्ल फॉन लिंडेनं १८७०च्या दशकात अमोनियाची यंत्रं भरवशाची करून दाखवली. मांसाची ने-आण करणारी जहाजं कार्बन डायऑक्साइडवर गार राहत. या वायूंना खोडी होत्याच. अमोनिया विषारी, कार्बन डायऑक्साइडला प्रचंड दाब लागतो, घरगुती फ्रिजमधला सल्फर डायऑक्साइड गळला तर जीव घुसमटतो. १९३० मध्ये अमेरिकेत थॉमस मिजलीनं रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत एक नवा वायू छातीत भरून घेतला आणि तो सोडून मेणबत्ती विझवली. वायू विषारी नाही आणि पेटतही नाही, हे एका फुंकरीत सिद्ध झालं. तिथून सीएफसींचं, म्हणजे क्लोरोफ्लुरोकार्बन वायूंचं, युग सुरू झालं आणि जुने वायू कोपऱ्यात गेले.

सीएफसी ओझोनचा थर विरळ करतील, असं मारिओ मोलिना आणि शेरवूड रोलंड यांनी १९७४ मध्ये मांडलं. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावरचं ओझोनचं छिद्र जगासमोर आलं आणि १९८७ मध्ये मॉन्ट्रियल करार झाला. सीएफसी गेले, त्यांच्या जागी आर-२२सारखे एचसीएफसी आले आणि मग आर-१३४ए, आर-४०४ए यांसारखे एचएफसी. एचएफसी ओझोनला हात लावत नाहीत, पण उष्णता मात्र घट्ट धरून ठेवतात. डीप फ्रीझर आणि कोल्ड रूममध्ये सर्रास भरला जाणारा आर-४०४ए घ्या. त्याचा एक किलो हवेत गेला, तर शंभर वर्षांच्या हिशेबात तो जवळजवळ चार टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. म्हणून ऑक्टोबर २०१६ मध्ये रवांडातल्या किगालीत मॉन्ट्रियल कराराला दुरुस्ती जोडली गेली. भारतानं ती २०२१ मध्ये मान्य केली. आपलं वेळापत्रक असं: २०२४ ते २०२६ या वर्षांच्या सरासरीवरून पाया ठरणार, २०२८ मध्ये एचएफसींचा वापर गोठणार, २०३२ मध्ये पहिली दहा टक्के कपात आणि २०४७ पर्यंत ८५ टक्के.

दरम्यान नव्या यंत्रांत आर-२२ भरणं २०२५ पासून थांबलं आहे. म्हणजे आर-२२ सोडणारा भारतीय व्यापारी आज नेमका दुभाजकावर उभा आहे. एचएफसीकडे जायचं आणि पंधरा-वीस वर्षांत तेही सोडायचं, की मधला मुक्काम टाळून थेट पुढे जायचं? कोल्ड रूमचं आयुष्य सहज वीस वर्षांचं. आज आर-४०४ए घेणाऱ्याला २०४० नंतर गॅस मिळणं अवघड होत जाणार आणि मिळाला तरी महाग. निव्वळ धंद्याच्या हिशेबानंही हा मधला मुक्काम मला तोट्याचा वाटतो.

कोणत्या यंत्रात काय बदललं तर किती फरक पडतो, हे आकड्यांत पाहिल्याशिवाय पर्यायांची तुलना करता येत नाही. टपरीतल्या फ्रिजमध्ये ३०० ग्रॅम आर-१३४ए आहे असं धरू. तो सगळा उडाला तर साधारण ४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका परिणाम. तोच फ्रिज रोज पाच युनिट वीज खात असेल, तर आपल्या कोळशावरच्या विजेमुळे वर्षाला तेराशे किलोच्या आसपास. इथे विजेचं पारडं जड. आता दुसरं टोक. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजानुसार तिथल्या सरासरी सुपरमार्केटमध्ये सुमारे १,६०० किलो गॅस असतो आणि दरवर्षी त्यातला पाव हिस्सा गळतो. तो ४०४ए असेल तर हा परिणाम दीड हजार टनांच्या वर जातो. आपल्या विजेच्या मापात सांगायचं तर सुमारे २२ लाख युनिट. म्हणजे छोट्या पेटीत आधी वीज वाचवायला हवी आणि लांबच लांब पाइपांच्या मोठ्या यंत्रणेत आधी वायू बदलायला हवा. ‘हरित गॅस’ एवढीच पाटी लावून भागत नाही ते यामुळे.

आता एकेक पर्याय. अमोनियापासून सुरुवात करायची, कारण तो आपल्याकडे कधी गेलाच नव्हता. देशातली शीतगृहं आठ हजारांच्या वर आहेत, त्यांतली बरीचशी बटाट्याची, आणि मोठी शीतगृहं बहुतांशी अमोनियावरच चालतात. अमोनियाची तापवाढ क्षमता, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या तुलनेत उष्णता अडवण्याची ताकद, शून्य, ओझोनला धोका शून्य, उष्णता वाहून नेण्यात तो पट्टीचा आणि किमतीला स्वस्त. बर्फाच्या कारखान्यात गेलात तर हे सगळं डोळ्यांनी दिसतं. मिठाच्या पाण्याची, म्हणजे ब्राइनची, मोठी टाकी, तिच्यात बुडवलेले पत्र्याचे डबे, वर लाकडी फळ्यांची झाकणं. ब्राइनमधून जाणाऱ्या लोखंडी नळ्यांत अमोनिया उकळतो आणि डब्यांतल्या पाण्याच्या लाद्या होतात. नळ्या लोखंडीच असाव्या लागतात, कारण अमोनिया तांबं खातो. गळतीचा संशय आला की जुने ऑपरेटर गंधकाची वात पेटवून सांध्यांजवळून फिरवतात, पांढरा धूर उठला की गळती तिथेच.

या वायूची भीती खरी आहे. मोठी गळती माणसं मारते, आणि दाट वस्तीत आलेल्या जुन्या बर्फ कारखान्यांबद्दल शेजाऱ्यांनी तक्रार केली तर ती रास्तच म्हणायला हवी. पण अमोनियाचा उग्र वास धोक्याच्या पातळीच्या कितीतरी आधी नाकाला कळतो, आणि हवेपेक्षा हलका असल्यानं तो मोकळ्या जागेत वर निघून जातो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे आता पूर्वीइतका अमोनिया भरावा लागत नाही. प्लेट हीट एक्स्चेंजर वापरून त्याचं प्रमाण खूप कमी करता येतं. तो यंत्रघरातच बंद ठेवायचा आणि माल ठेवलेल्या खोल्यांत ग्लायकॉल किंवा कार्बन डायऑक्साइड फिरवायचा, ही रचना आता प्रस्थापित आहे. नाशिकची द्राक्षं निर्यातीआधी प्री-कूलिंगमध्ये जातात आणि मग शून्याच्या आसपास साठवली जातात. एवढ्या मोठ्या कामाला एचएफसीकडे वळण्याचं काहीच कारण नाही. सेन्सर, हवा खेचणारे पंखे, पाण्याचा फवारा, मास्क आणि शिकलेला ऑपरेटर ही अमोनियाची किंमत आहे. ती चुकवायची तयारी नसेल, तर मात्र अमोनियाच्या वाटेला जाऊ नये.

कार्बन डायऑक्साइडची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. नॉर्वेच्या गुस्ताव लोरेन्टझेन यांनी १९९०च्या सुमारास हा विसरलेला वायू पुन्हा चर्चेत आणला. आज युरोपातली हजारो सुपरमार्केट त्याच्यावर चालतात, जपानमधल्या लॉसनच्या दुकानांतही तो आहे. तो पेटत नाही, विषारी नाही आणि त्याची तापवाढ क्षमता एक, कारण मोजणीचं मापच तो. मग अडचण कुठे? ३१ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबला तरी तो द्रव होत नाही. ऑस्लोत बाहेरची हवा वर्षातला बहुतेक काळ याच्या खाली असते, नागपुरात मे महिन्यात ती ४५ अंशांवर जाते. अशा वेळी यंत्रणा ९० ते १०० बारच्या पुढच्या दाबावर चालवावी लागते आणि वीज भरमसाट लागते. म्हणूनच हे तंत्र थंड देशांपुरतंच चांगलं, असं बरीच वर्षं समजलं जात होतं.

त्यावर उपाय निघाले आहेत. दाब उतरताना वाया जाणारी ऊर्जा इजेक्टरनं परत मिळवायची आणि मधल्या दाबाची वाफ वेगळ्या कॉम्प्रेसरनं उचलायची. आयआयटी मद्रास आणि नॉर्वेच्या संशोधकांनी मिळून चेन्नईत नेमकी अशी सुपरमार्केटची यंत्रणा उभारून भारतातल्या उन्हाळ्याच्या तापमानांवर तपासली आहे. मला याची आणखी एक बाजू जास्त मोलाची वाटते. या यंत्रणेतून बाहेर पडणारी उष्णता इतकी वरच्या दर्जाची असते, की तिच्यावर पाणी कडक तापवता येतं. दूध डेअरीत एका टोकाला दूध चार अंशांवर आणायचं असतं आणि दुसऱ्या टोकाला कॅन-टाक्या धुवायला गरम पाणी लागतं. हॉटेलांच्या मोठ्या स्वयंपाकघरांतही तेच. तिथे कार्बन डायऑक्साइडचा हिशेब जमतो. नुसती थंडी हवी असलेल्या विदर्भातल्या गोदामात तो मला जमताना दिसत नाही. तिथे वरच्या टप्प्यात अमोनिया आणि खालच्या, उणे पंचवीसच्या टप्प्यात कार्बन डायऑक्साइड, ही जोडी बरी.

छोट्या यंत्रांचं उत्तर हायड्रोकार्बन हेच आहे, आणि त्याचीच अनेकांना धास्ती वाटते. १९९२ मध्ये ग्रीनपीसनं डॉर्टमुंडच्या आरोग्य संस्थेतले शास्त्रज्ञ आणि पूर्व जर्मनीतला एक डबघाईला आलेला फ्रिजचा कारखाना यांची गाठ घालून दिली. त्यातून प्रोपेन-ब्युटेनवर चालणारा ‘ग्रीनफ्रीझ’ जन्मला. बड्या उत्पादकांनी आधी त्याला स्फोटक म्हणून हिणवलं आणि मग तेच तंत्र उचललं. आपल्याकडे गोदरेजनं या शतकाच्या सुरुवातीलाच हायड्रोकार्बनचे घरगुती फ्रिज आणले आणि २०१२ मध्ये सातारा जिल्ह्यातल्या शिरवळच्या कारखान्यातून प्रोपेनवरचे एसी बाजारात उतरवले. एसीत प्रोपेन वापरणं जगात तेव्हा धाडसाचं मानलं जात होतं.

व्यापारी पेट्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानकानं एका वायूमार्गात १५० ग्रॅम प्रोपेनची मर्यादा घातली होती. स्वयंपाकाच्या सिलिंडरमध्ये याच जातीचा वायू १४.२ किलो, म्हणजे जवळपास ९५ पट असतो. मर्यादेमागचं गणित सोपं आहे. हवेत घनमीटरला सुमारे ३८ ग्रॅम जमले तरच प्रोपेन पेट घेऊ शकतो, म्हणून चार घनमीटरहून मोठ्या जागेत दीडशे ग्रॅम नीट मिसळले तर तो धोका उरत नाही. २०१९ मध्ये काही अटी घालून ही मर्यादा पाचशे ग्रॅमच्या आसपास नेली गेली, त्यामुळे मोठे डीप फ्रीझर आणि उभ्या पेट्याही आवाक्यात आल्या. प्रोपेन यंत्राला विजेच्या दृष्टीनंही मानवतो, पुष्कळदा एचएफसीपेक्षा कमी वीज लागते. छोट्या पेटीत विजेचं पारडं जड असतं, हे वर पाहिलंच. म्हणजे टपरी, डेअरी, आइस्क्रीमची गाडी, बेकरी, औषधाचं दुकान या सगळ्यांसाठी उत्तर तयार आहे.

आता गल्लीतल्या डेअरीचा फ्रीझर गार होईनासा झाल्यावर काय घडतं ते पाहा. मेकॅनिक येतो, कॉम्प्रेसरजवळची नळी कापतो, उरलेला गॅस फस्सकन हवेत जातो. गळती शोधायला साबणाचा फेस, सांधायला गॅस टॉर्च, व्हॅक्यूम जमला तर आणि वेळ असला तर. मग सिलिंडर लावून गेज बघत आणि नळीवर हात ठेवत अंदाजानं चार्जिंग. आर-१३४एत हे खपून जातं. प्रोपेनच्या यंत्रात ते चालत नाही. आत वायू असताना टॉर्च पेटवायची नाही, सांधे शक्यतो दाबून बसवायचे, ठिणगी न पडणारे रिले आणि स्विच तसलेच पुन्हा बसवायचे, आणि वायू ग्रॅमच्या काट्यावर मोजून भरायचा. दहा-वीस ग्रॅमची चूकसुद्धा कामगिरीत दिसते. त्याहून वाईट प्रकार म्हणजे एचएफसीसाठी बांधलेल्या जुन्या यंत्रात स्वस्तात म्हणून स्वयंपाकाचा गॅस भरणं. त्या यंत्रातले स्विच ठिणगी पाडणारेच असतात, आणि स्वयंपाकाच्या गॅसमधली वासासाठी घातलेली द्रव्यं आणि ओलावा कॉम्प्रेसर खराब करतात ते वेगळंच. अशा एखाद्या अपघातानं चांगल्या तंत्राचं नाव खराब होतं.

भारताच्या मार्च २०१९ च्या ‘कूलिंग ॲक्शन प्लॅन’नं हे ओळखलं होतं. देशाच्या थंडीच्या सगळ्या गरजांचा एकत्र विचार करणारा तो जगातला पहिला राष्ट्रीय आराखडा, आणि त्यात एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण देण्याचं उद्दिष्ट होतं. पण प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र एवढ्यानं मेकॅनिकचा हात बदलणार नाही. वापरलेला गॅस काढून घ्यायला रिकव्हरी मशीन लागतं, रिकामा सिलिंडर लागतो, अर्धा तास जास्त लागतो आणि त्या अर्ध्या तासाचे पैसे गिऱ्हाईक देत नाही. काढलेला गॅस किलोच्या भावानं विकत घेणारा कोणी गावात असेल, तरच तो हवेत जायचा थांबेल. भंगारातलं तांबं कोणी फेकत नाही, कारण त्याला भाव आहे.

रासायनिक कंपन्यांनी सुचवलेला मार्ग एचएफओंचा, म्हणजे हायड्रोफ्लुरोओलेफिनांचा, आहे. हे रेणू हवेत थोड्या दिवसांत मोडतात, त्यामुळे त्यांची तापवाढ क्षमता नगण्य. पण त्यांतला आर-१२३४वायएफ मोडून ट्रायफ्लुरोॲसेटिक ॲसिड तयार होतं, ते पावसाबरोबर पाण्यात उतरतं आणि तिथे टिकून राहतं. अशा चिवट फ्लोरिन संयुगांवर सरसकट निर्बंध घालावेत, असा प्रस्ताव २०२३ मध्ये युरोपातल्या पाच देशांनी पुढे केला. शिवाय ४०४एच्या जागी विकली जाणारी आर-४४९एसारखी मिश्रणं अजून चौदाशेच्या घरातली तापवाढ क्षमता बाळगून आहेत. चालू यंत्रणा बंद न पाडता नुकसान कमी करायला ती ठीक, नव्या यंत्रणेसाठी मी ती सुचवणार नाही. सीएफसीपासून आजवर दर वेळी पुढचा कृत्रिम रेणू निर्धोक म्हणून आला आणि त्याचा दोष नंतर कळला.

वाफ दाबण्याचं चक्रच सोडून देणाऱ्या कल्पनांबद्दल थोडक्यात. गॅडोलिनियमसारखा धातू चुंबकीय क्षेत्रात तापतो आणि बाहेर काढला की गार होतो, त्यावर १९९७ नंतर संशोधनाला जोर आला. पेन स्टेट विद्यापीठानं २००४ मध्ये बेन अँड जेरीजसाठी ध्वनिलहरींवर चालणारी आइस्क्रीमची पेटी करून दाखवली. वीज सोडली की एका बाजूनं गार होणाऱ्या पेल्टिए पट्ट्या छोट्या डब्यांत वापरात आहेत, पण वीज फार खातात. यांतलं काहीही येत्या दहा वर्षांत गावच्या डेअरीत पोहोचेल असं मला वाटत नाही.

उष्णतेवर चालणारी शोषण यंत्रं मात्र वेगळी. फर्दिनान्द कारेनं अमोनिया-पाण्याचं असं यंत्र १८५९ मध्येच केलं होतं. त्यांना विजेऐवजी वाफ किंवा गरम पाणी पुरतं. लिथियम ब्रोमाइडच्या यंत्रांत पाणीच शीतक असल्यानं ती शून्याच्या खाली जात नाहीत, भाजीपाल्याला तेवढं पुष्कळ. साखर कारखान्यांकडे गाळप हंगामात बगॅसवरची वाफ असते आणि परिसरात द्राक्ष-भाजीपाल्याचे शेतकरीही असतात. कारखाने हंगामापुरतेच चालतात ही मर्यादा आहे, पण द्राक्षाचा हंगामही त्याच महिन्यांत येतो.

पुण्यात गेल्या दशकात जे काम झालं ते वायू बदलण्यापेक्षा थंडी साठवण्याचं आहे, आणि ग्रामीण महाराष्ट्राला ते फार उपयोगाचं आहे. इकोझेन कंपनीची ‘इकोफ्रॉस्ट’ ही सुमारे पाच टनांची कोल्ड रूम दिवसा सौरऊर्जेवर चालते आणि थंडी बॅटरीत न साठवता गोठणाऱ्या द्रव्यात साठवते, म्हणून ढगाळ दिवशी आणि रात्री माल टिकतो. प्रोमिथियन पॉवर सिस्टिम्सचं दूध शीतकरण यंत्र याच तत्त्वावर. गावच्या संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ धारोष्ण, ३५ अंशांच्या आसपासचं दूध येतं आणि ते लगेच चार अंशांपर्यंत उतरवायचं असतं. नेमकी तेव्हाच वीज नसते आणि डिझेल जनरेटर धडधडतो. वीज असेल तेव्हा थंडी साठवून ठेवली तर जनरेटरची गरजच पडत नाही. इथे वाचलेलं डिझेल कोणत्याही नव्या वायूइतकंच मोलाचं.

काही मालाला यंत्रच नको. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेनं १९८०च्या दशकात विटांच्या दुहेरी भिंतीची शून्य ऊर्जा शीतकक्षाची रचना विकसित केली. दोन भिंतींमध्ये वाळू, वाळूवर पाणी, आत भाजी. कोरड्या उन्हाळ्यात आतलं तापमान बाहेरच्यापेक्षा दहा-पंधरा अंशांनी उतरतं आणि आर्द्रता नव्वद टक्क्यांच्या आसपास राहते. मराठवाड्यात मेथी-कोथिंबीर यात दोन-तीन दिवस सहज तरतरीत राहते. कोकणच्या दमट हवेत याचा उपयोग होत नाही.

आता विकत घेणाऱ्या हातांचं. काचेच्या दाराचे फ्रिज आणि आइस्क्रीमच्या पेट्या बहुधा दुकानदाराच्या नसतात, शीतपेयं आणि आइस्क्रीम विकणाऱ्या कंपन्या त्या देतात. कोका-कोला, युनिलिव्हर आणि मॅकडोनाल्ड्स यांनी २००४ मध्ये नैसर्गिक शीतकांसाठी संयुक्त उपक्रम सुरू केला, आणि प्रोपेन व कार्बन डायऑक्साइडच्या पेट्यांना जगभर बाजारपेठ मिळाली ती अशाच मोठ्या खरेदीमुळे. टपरीवाल्याला समजवत बसण्यापेक्षा पाच-दहा कंपन्यांचं खरेदीचं धोरण बदललं, तर लाखो पेट्या बदलतात. आपल्याकडे तसंच वजन जिल्हा दूध संघांचं, बाजार समित्यांचं आणि शीतगृहाला अनुदान देणाऱ्या सरकारी योजनांचं आहे. त्यांच्या निविदांत क्षमता, किंमत आणि हमीची मुदत असते. त्यात शीतक वायूचं नाव, वर्षाला किती गळती चालेल याची मर्यादा, आणि जुन्या यंत्रातला गॅस काढून परत देण्याची ठेकेदाराची जबाबदारी ही तीन कलमं २०२८ च्या आधी आली पाहिजेत. त्या वर्षी वापर गोठल्यावर जी यंत्रं बसलेली असतील, तीच पुढची वीस वर्षं चालणार आहेत.